कँटनची कागद मिल: कामगारांनी विकत घेतली, पण हाती राहिली नाही

अमेरिकेतल्या शाळेत मधल्या सुट्टीत पोरांच्या हाती दुधाचा जो छोटा कागदी खोका पडतो, त्याचा पुठ्ठा त्या देशातल्या मोजक्याच मिलमध्ये तयार होतो. त्यातली एक नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ॲशव्हिलच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीतल्या कँटन गावात होती. १९०८ साली सुरू झाली आणि २०२३ साली बंद पडली. या ११५ वर्षांत मालक बदलले, आणि मधली आठ वर्षं मालकांमध्ये तिथले कामगारही होते.

हे प्रकरण मुख्यतः त्या आठ वर्षांचं आणि त्यांच्या आगेमागे घेतलेल्या निर्णयांचं आहे. गाव, नदी, कंपन्या यांची नावं खरी आहेत. माणसांची नावं मात्र जुन्या इतिहासातली सोडून वगळली आहेत. कोण चुकलं यापेक्षा कुठल्या वळणावर काय ठरलं, हे मला पाहायचं आहे.

पार्श्वभूमी

ओहायोतल्या हॅमिल्टन शहरात पीटर जी. थॉमसन यांची चॅम्पियन नावाची कागद कंपनी होती. कागदाला लगदा लागतो, लगद्याला लाकूड आणि पाणी. दोन्ही मुबलक मिळेल अशी जागा शोधत ते दक्षिणेच्या डोंगरात आले. वरती स्प्रूसची घनदाट जंगलं, खाली पिजन नदी आणि शेजारून रेल्वे. कँटनला मिल उभी राहिली. थॉमसन यांचे जावई रूबेन रॉबर्टसन यांनी पुढची अनेक दशकं ती चालवली.

सुरुवातीला मिल चेस्टनटचं लाकूडही वापरायची. त्यातून आधी कातडं कमावायला लागणारं टॅनिन काढायचं आणि उरलेल्या चोथ्याचा लगदा करायचा. पुढे बुरशीच्या रोगाने अमेरिकेतली चेस्टनटची झाडं जवळजवळ सगळी मेली, तेव्हा उभ्या वाळलेल्या झाडांचंही इथे कागदात सोनं झालं. १९३१ साली कंपनीने आपली सुमारे ९३ हजार एकर जमीन ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानासाठी विकली. आज जिथे पर्यटक अस्वलं बघायला जातात, त्यातला मोठा तुकडा एके काळी कागदाचा कच्चा माल होता.

मिल गावाबाहेर नव्हती, गावाच्या पोटात होती. नदी मिलच्या आवारातून वाहायची. बाजाराच्या रस्त्यावर उभं राहिलं की चिमण्यांची वाफ दिसायची आणि गंधकाचा तो कुजक्या अंड्यांसारखा वास यायचा. बाहेरचा माणूस नाक दाबायचा, गावकरी त्याला पैशाचा वास म्हणायचे. पाळी बदलली की भोंगा व्हायचा. लालबाग-परळमध्ये वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको: घड्याळ घरात असलं तरी गावाची वेळ भोंगाच सांगायचा. १९०६ पासून गावात कामगार दिनाची मिरवणूक निघते, म्हणजे मिलमधून कागदाचा पहिला ताव बाहेर पडण्याच्याही आधीपासून.

नदीचं दुखणं

ही गोष्ट वगळली तर १९९७ मध्ये मिल विकायला निघाली तेव्हाचा पेच समजत नाही.

लाकडात तंतू असतात आणि त्यांना चिकटवून ठेवणारा लिग्निन नावाचा तपकिरी पदार्थ असतो. क्राफ्ट पद्धतीत लाकडाच्या ढलप्या सोडा आणि गंधकाच्या द्रावणात शिजवून लिग्निन वेगळा करतात. पांढऱ्या कागदासाठी उरलासुरला लिग्निन ब्लीच करून काढावा लागतो. हे काम अनेक दशकं क्लोरिनने व्हायचं. या धुण्याचं पाणी नदीत जायचं. पिजन तशी लहानशी नदी. उन्हाळ्यात तिचं बरंचसं पाणी मिल एका बाजूने आत घ्यायची आणि दुसऱ्या बाजूने गरम, कोऱ्या चहाच्या रंगाचं, फेसाळ करून सोडायची.

मिलच्या वरच्या अंगाला नदी नितळ आणि खालच्या अंगाला काळपट. पगार नॉर्थ कॅरोलायनात राहायचा आणि पाणी टेनेसीत जायचं, कारण नदी वाहते पश्चिमेकडे, राज्याची सीमा ओलांडून हार्टफर्ड आणि न्यूपोर्टकडे. तिथल्या लोकांना मिलमधून एक डॉलर मिळत नव्हता. मासे खाऊ नका म्हणून सूचना लागल्या, कारण क्लोरिनच्या ब्लीचिंगमधून डायॉक्सिन हे विषारी रसायन तयार होतं हे १९८० च्या दशकात उघड झालं होतं.

नॉर्थ कॅरोलायनाने दिलेल्या परवान्यावर केंद्राच्या पर्यावरण संस्थेने आक्षेप घेतला आणि परवाना स्वतःकडे ओढून घेतला. कंपनी न्यायालयात गेली आणि हरली. १९८८ च्या डिसेंबरात टेनेसीच्या गव्हर्नरने पाण्याच्या रंगाबाबत हवी असलेली सवलत नाकारली. कँटनमध्ये ती बातमी दुखवट्यासारखी पोचली, न्यूपोर्टमध्ये सणासारखी. कंपनीने मिल बंद करण्याची भाषा केली आणि शेवटी बंद न करता जवळपास ३३ कोटी डॉलर खर्चून आधुनिकीकरण केलं. ब्लीचिंगच्या आधी ऑक्सिजनने लिग्निन काढायची सोय झाली, क्लोरिन वायू हद्दपार झाला, ब्लीचिंगचं काही पाणी पुन्हा आत फिरवायला सुरुवात झाली. नदी अगदी नितळ झाली नाही, पण तिचा रंग निवळला, मासे परतू लागले आणि हार्टफर्डला राफ्टिंगचा धंदा उभा राहिला.

म्हणजे १९९० च्या दशकाच्या मध्यावर चित्र असं होतं: मिल आधीच्या कुठल्याही काळापेक्षा स्वच्छ, आणि तिच्यावर नुकताच प्रचंड पैसा खर्च झालेला. पण तो पैसा एक टनही जास्त कागद काढण्यासाठी नव्हता. हिशेबनिसाच्या वहीत ती गुंतवणूक परतावा देणारी नव्हती. माझ्या मते १९९७ चं बीज इथेच पडलं.

पेच

ऑक्टोबर १९९७ मध्ये चॅम्पियनने जाहीर केलं की काही मिल विकायच्या आहेत. यादीत कँटन होती, शेजारच्या वेन्सव्हिलचा पुठ्ठ्यावर प्लास्टिकचा थर देणारा कारखाना होता आणि इतर राज्यांतले दुधाचे खोके तयार करणारे डेअरीपॅक कारखानेही होते. यादीत हॅमिल्टनची मिलसुद्धा होती, जिथून कंपनी जन्माला आली ती. थोरल्या घरालाच विकायला काढलंय म्हटल्यावर, आपल्याला तरी ठेवतील, ही आशा कँटनमध्ये कुणाला करता आली नाही.

कंपनीची बाजू अगदीच न समजण्यासारखी नव्हती. कागदाचा भाव चक्रासारखा फिरतो, भागधारक परतावा मागत होते आणि नव्या, रुंद, वेगवान यंत्रांच्या मिलपुढे डोंगरात अडकलेली ही मिल महाग पडत होती. नदीच्या परवान्याचं ओझं होतंच.

पण एक गोष्ट तिच्याकडे होती. इथे दोन प्रकारचा माल निघायचा: लिफाफे आणि कार्यालयीन वापराचा पांढरा कागद, आणि दूध-रसाच्या खोक्यांचा पुठ्ठा. दुसरा माल करणारे देशात थोडे. शिवाय लगदा, पुठ्ठा, प्लास्टिकचा थर, खोका अशी सगळी साखळी विक्रीच्या त्याच गाठोड्यात बांधलेली होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा: दुसरी एखादी कागद कंपनी घेईल म्हणून वाट पाहायची. अशा वेळी येणारं गिऱ्हाईक बहुतेकदा मिल चालवायला येत नाही, तिची बाजारपेठ उचलायला येतं. गिऱ्हाइकांची यादी घेतं, चांगली यंत्रं घेतं आणि फाटकाला कुलूप लावतं. युनियनमधल्या जुन्या माणसांना हे पक्कं माहीत होतं.

दुसरा पर्याय बंद होणार असं धरून भरपाईसाठी भांडायचं. निवृत्तीच्या जवळ आलेल्यांना तो वाईट नव्हता. पस्तिशीतल्या माणसाला होता, कारण त्या डोंगराळ जिल्ह्यात तेवढ्या पगाराचं दुसरं काम नव्हतं. पर्यटनाच्या हॉटेलात भांडी घासून मिलचा पगार सुटत नाही.

तिसरा पर्याय कामगारांनी स्वतः विकत घ्यायची. चौथा पर्याय तोच, पण पैसेवाला भागीदार बरोबर घेऊन.

तिसऱ्या आणि चौथ्यातला फरक हाच या प्रकरणाचा गाभा आहे. गाठोड्याची किंमत २० कोटी डॉलरच्या घरात होती. कामगारांकडे एवढी रक्कम नव्हती, आणि निव्वळ कर्जावर घेतली असती तर कागदाचा भाव पडल्याच्या पहिल्याच वर्षी बँकेने ताबा घेतला असता. आपल्याकडे १९८८ मध्ये कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने कामगारांच्या सहकारी संस्थेने चालवायला घेतली होती. तिथे मालकी पूर्ण कामगारांची, पण खेळत्या भांडवलाची चणचण पाठ सोडत नव्हती. कँटनच्या युनियनने तो रस्ता घेतला नाही. त्यांनी सल्लागार नेमले आणि केपीएस नावाचा न्यूयॉर्कचा गुंतवणूक फंड भागीदार म्हणून आणला. अडचणीतले कारखाने युनियनला बरोबर घेऊन विकत घ्यायचे, ही त्याची खासियत.

केलेली कृती

मे १९९९ मध्ये व्यवहार झाला. ब्लू रिज पेपर प्रॉडक्ट्स नावाची नवी कंपनी जन्माला आली, मुख्यालय कँटनमध्येच. फंडाकडे ५५ टक्के, कामगारांच्या समभाग योजनेकडे ४५ टक्के. सगळे कारखाने धरून दोन हजारांहून अधिक माणसं तिच्यात होती.

कामगारांनी यासाठी काय दिलं? पगार आणि सवलतींमध्ये १५ टक्के कपात, आणि सात वर्षं पगारवाढ नाही.

हे टक्क्यांत ऐकायला सोपं वाटतं, म्हणून एका घराचा हिशेब मांडून पाहू. समजा एखाद्याला ताशी २० डॉलर मिळत होते. वर्षाचे २,०८० तास धरले तर ४१,६०० डॉलर. त्यातले ६,२४० दरवर्षी गेले. सात वर्षांत ४३,६८०. शिवाय दरवर्षी होणारी थोडीफार वाढ बुडाली आणि महागाई थांबली नाही, ते वेगळंच. म्हणजे एका माणसाने आपल्या एका वर्षाच्या पगाराहून जास्त पैसा मिलमध्ये घातला. बदल्यात त्याच्या नावावर विश्वस्त संस्थेत समभाग जमा झाले, पण ते काही खिशात घेऊन फिरता येत नाहीत. नोकरी सोडताना किंवा निवृत्त होताना जो भाव असेल तो.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. अमेरिकेतल्या या योजनेला बोलीभाषेत कामगारांची मालकी म्हणतात, आणि भाग असतो म्हणजे मालकी असतेच. पण आपल्या सहकारी संस्थेत सभासद उठून ‘माझं मत’ म्हणू शकतो. इथे समभाग विश्वस्ताकडे असतात आणि संचालक मंडळात बहुमत ५५ टक्केवाल्यांचं. ४९ टक्के आणि ४५ टक्के यांच्यातही व्यवहारात फरक नव्हता. रेघ ५० वर होती, आणि ती फंडाच्या बाजूला होती.

फंडाने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने आपलं काम केलं. असा फंड दुसऱ्यांचा पैसा ठरावीक वर्षांसाठी घेतो आणि त्या मुदतीत कंपनी विकून तो परत करतो. भागीदार आत आला त्याच दिवशी तो बाहेर कधी पडणार, हा प्रश्न टेबलावर होता. त्याच्या उत्तरात कामगारांचा शब्द किती, हे करारात बांधून घेण्याची एकमेव वेळ १९९९ ची होती.

मधली आठ वर्षं

मिल चालली, नफ्यात म्हणावी तेवढी नाही. पुढच्याच वर्षी, २००० साली, चॅम्पियन कंपनीच इंटरनॅशनल पेपरने गिळली. कामगारांनी मिल घेतली नसती तर त्या महाकाय कंपनीच्या हिशेबात कँटनचं काय झालं असतं, याची कल्पना करता येते. या काळात लिफाफ्यांची गरज ईमेलने कमी केली, आयात वाढली, नैसर्गिक वायू आणि रसायनं महागली. कंपनीच्या डोक्यावर कर्ज होतं, आणि जुन्या मिलमध्ये कर्जाचं व्याज नेहमी दुरुस्तीच्या पैशातून जातं.

मग सप्टेंबर २००४ आला. फ्रान्सिस आणि आयव्हन या दोन वादळांचे अवशेष दहा दिवसांच्या अंतराने त्याच डोंगरावर येऊन बरसले. पिजन दोनदा पात्राबाहेर आली. ज्या नदीसाठी मिल इथे आली तीच मिलमध्ये शिरली. पहिल्या पुराचा गाळ उपसून मोटारी वाळवल्या, तोवर दुसरा. कामगार फावडी घेऊन उतरले आणि मिल पुन्हा सुरू केली. हे त्यांनी नोकर म्हणून केलं की मालक म्हणून, असा प्रश्न त्यांना त्या चिखलात पडला नसावा. पण माझ्या मते आठ वर्षांत मालकी खरी वाटावी असा प्रसंग हाच.

निर्णयाचं दुसरं वळण: २००७

२००७ मध्ये ब्लू रिज विकली गेली. घेणारा न्यूझीलंडच्या एका उद्योगपतींचा रँक ग्रुप. त्यांनी नुकताच इंटरनॅशनल पेपरचा पेय-खोक्यांचा धंदा घेऊन एव्हरग्रीन पॅकेजिंग उभी केली होती. कँटन तिच्यात जोडली गेली. कामगारांची मालकी संपली, समभागांचे पैसे खात्यात आले, आणि मिल पुन्हा दूरच्या मालकाची झाली.

विक्री त्या वेळी शहाणपणाची दिसत होती, हे मान्य केलं पाहिजे. खोक्यांचा धंदा समजणारा, खोल खिशाचा मालक मिळत होता. एकट्या ब्लू रिजला पुढचा पूर झेपला असताच असं नाही.

पण घेणाऱ्याकडे एव्हरग्रीनबरोबर आर्कान्सॉतल्या पाइन ब्लफची मिलही आली होती. तीही दूध-रसाच्या खोक्यांचाच पुठ्ठा काढायची. स्वतंत्र असताना कँटनचा मुकाबला बाजाराशी होता. २००७ नंतर तो एकाच कंपनीतल्या बहिणीशी झाला. मागणी घटली की दोनातली एक बंद करायची वेळ येते, आणि कुठली हे गावात बसून ठरत नाही. विक्रीच्या कागदांवर सह्या होत असताना घेणाऱ्याकडे याच मालाची दुसरी मिल आहे, यावर कुणी किती अट घातली असती, हा मुद्दा पुढे येईलच.

परिणाम

त्यानंतरही मिल सोळा वर्षं चालली, हे आधी सांगायला हवं. या काळात राज्याने कोळशाचे बॉयलर काढून वायूचे बसवायला १ कोटी २० लाख डॉलरचं अनुदान दिलं. अट अशी की २०२४ संपेपर्यंत किमान ८०० माणसं कामावर राहतील. ऑगस्ट २०२१ मध्ये फ्रेड वादळाने कँटन ज्यात येतं त्या हेवूड काउंटीत सहा बळी घेतले आणि कँटन पुन्हा पाण्याखाली गेलं.

६ मार्च २०२३ ला आता पॅक्टिव्ह एव्हरग्रीन हे नाव घेतलेल्या कंपनीने जाहीर केलं की कँटनची मिल तीन-चार महिन्यांत बंद होईल. सुमारे १,१०० नोकऱ्या, साडेचार हजारांच्याही आतल्या वस्तीच्या गावात. मे महिन्यात भोंगा शेवटचा वाजला. पाइन ब्लफ मात्र चालू राहिली. पण दीड वर्षही झालं नाही तोवर कंपनीने तीही, वेन्सव्हिलच्या कारखान्यासकट, ब्राझीलच्या सुझानोला ११ कोटी डॉलरला विकली. वेन्सव्हिल कँटनपासून काही मैलांवर आहे. तिथला कारखाना अजून चालतो, पुठ्ठा बाहेरून येतो.

८०० माणसांची अट दीड वर्ष आधीच मोडली, म्हणून २०२४ मध्ये राज्याच्या महाधिवक्त्याने अनुदान परत मिळवण्यासाठी कंपनीवर दावा लावला. त्याच वर्षी सप्टेंबरात हेलीन वादळ आलं आणि रिकाम्या मिलच्या आवारातून नदी पुन्हा एकदा फिरली. २०२५ च्या सुरुवातीला जागा सेंट लुइसच्या पाडकाम आणि पुनर्विकास करणाऱ्या कंपनीने घेतली.

वेगळं काय करता आलं असतं

१९९९ चा निर्णय चुकला असं मला वाटत नाही. त्या वेळी पस्तिशीत असलेला माणूस २०२३ मध्ये एकोणसाठ वर्षांचा होता. चाळिशीतला निवृत्तीला लागला होता. सात वर्षांची कपात देऊन चोवीस वर्षांची पाळी मिळाली, पोरांची शिक्षणं झाली, घरांचे हप्ते फिटले. टीकाकार म्हणतात की कामगारांनी बुडत्या जहाजात पैसे घातले. जहाज चोवीस वर्षांनी बुडालं, आणि तोवर बहुतेक प्रवासी उतरले होते. यापेक्षा वाईट सौदे कागदाच्या धंद्यात मोठमोठ्या कंपन्यांनी केले आहेत.

चूक मला त्या निर्णयाच्या कडेकडेने दिसते. ४५ टक्के घेतानाच विक्रीच्या दिवसाबद्दल काही मागता आलं असतं. नकाराधिकार फंडाने दिला नसता, तर ठीक. पण विकताना पहिली विचारणा कामगारांच्या विश्वस्ताला करायची, किंवा याच मालाची दुसरी मिल असणाऱ्याला विकायचं झाल्यास काही वर्षं उत्पादन चालू ठेवायची हमी घ्यायची, एवढं मागता येण्याजोगं होतं. १५ टक्के पगार सोडणाऱ्याच्या हातात तेव्हा जोर होता. आठ वर्षांनी पगार गोठलेल्या, पुरातून सावरलेल्या माणसांकडे तो नव्हता.

राज्याच्या अनुदानातही तीच कसूर. माणसांची संख्या आणि तारीख लिहिली, पण पैसे आधी दिले आणि शब्द नंतरसाठी ठेवला. मिल बंद झाल्यावर वसुलीसाठी न्यायालयात जावं लागतं, हे कागद करतानाच दिसत होतं. यंत्रांवर किंवा जमिनीवर तारण घेतलं असतं तर २०२३ च्या मार्चमध्ये कंपनीला राज्याशी आधी बोलावं लागलं असतं, नुसतं कळवून चाललं नसतं.

टेनेसीच्या बाजूने बघणारा माणूस यातलं काहीच मान्य करणार नाही, आणि त्याचंही खोटं नाही. त्याच्या मते मिल १९८८ मध्येच बंद व्हायला हवी होती. कँटनच्या सौद्यात हार्टफर्डला कुणी बसवलं नव्हतं. १९९९ च्या नव्या मालकांनी, जे स्वतः नदीकाठी राहत होते, टेनेसीवाल्यांशी बोलणी आधीपेक्षा सोपी केली, एवढं मात्र खरं. दूरच्या मालकाला नदीचा रंग अहवालात दिसतो, काठावरच्याला पुलावरून.

आणि एक गोष्ट, जिच्याकडे फार काळ कुणी पाहिलं नाही. गावाचं सांडपाणी कित्येक दशकं मिलच्याच शुद्धीकरण केंद्रात जात होतं. मिलचं पाणी रोजचं काही कोटी गॅलन, गावाचं त्यापुढे चूळ भरल्यासारखं. मिलला त्याचा भार नव्हता, गावाला स्वतःचं केंद्र बांधायचा खर्च नव्हता. सोय दोघांची, म्हणून कुणी प्रश्न विचारला नाही. १९९९ मध्ये कामगार आणि गाव जवळजवळ एकच असताना, किंवा २००७ मध्ये मालक बदलताना, गावाने हा करार वेगळा काढून स्वतःच्या केंद्रासाठी दरवर्षी थोडे पैसे बाजूला टाकायला हवे होते. तसं झालं नाही.

मिल बंद झाल्यावर ठरलं की आणखी दोन वर्षं तिथेच गावाचं पाणी शुद्ध करायचं, तोवर नव्या केंद्राची सोय बघायची. राज्याच्या अर्थसंकल्पातून त्यासाठी पैसे द्यावे लागले. पण अशा केंद्रात पाणी साफ करणारे जिवाणू मिलच्या गरम, लाकडाच्या अर्काने भरलेल्या पाण्यावर पोसलेले. ते पाणी थांबलं, आणि कागद गिरणीसाठी बांधलेल्या अवाढव्य टाक्यांमध्ये आता फक्त गावातल्या न्हाणीघरांचं आणि संडासांचं पाणी येत राहिलं.